पत्ते वाटणाऱ्याची विद्या कोणाच्या नावावर?

१९७६ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या दोन शेजारी प्रदेशांत जुगारासंबंधी दोन कायदे झाले. महाराष्ट्राने कॅसिनोंवर नियंत्रण ठेवून त्यांच्याकडून कर घेण्याचा कायदा संमत केला. तर त्या वेळी केंद्रशासित असलेल्या गोवा, दमण व दीवने सार्वजनिक जुगाराला आळा घालणारा कायदा केला. पुढे जे घडले ते मात्र नेमके उलटे. कॅसिनोला वाट करून देणारा महाराष्ट्राचा कायदा कधी अंमलातच आला नाही आणि २०२३ साली तो मोडीत निघाला. जुगाराला प्रतिबंध करणाऱ्या गोव्याच्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांतील खेळयंत्रांना मुभा मिळाली, आणि १९९६ साली जहाजांवर टेबलावरचे खेळ मांडण्याची सवलत आली. ती जहाजे पणजीसमोर मांडवीच्या पात्रात नांगर टाकून उभी राहिली. तेव्हापासून त्यांच्याविषयीचा वाद शमलेला नाही.

या वादात संस्कृतीचा प्रश्न आहे, नदीचा आहे, महसुलाचाही आहे. ज्याचा प्रश्न क्वचितच निघतो तो मनुष्य टेबलामागे उभा असतो. पत्ते वाटणारा, चक्र फिरविणारा, हरलेल्यांच्या चकत्या ओढून घेणारा आणि जिंकलेल्यांना अचूक मोजून देणारा हा नोकर म्हणजे डीलर. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या भागातून कामासाठी गोव्यात उतरणाऱ्या तरुणांना ही एक नोकरी समोर दिसते. बारावी वा पदवी झालेली आहे, इंग्रजी-हिंदी बोलता येते, रात्रपाळीची तयारी आहे. मग हे काम का करू नये, असा त्यांचा सरळ प्रश्न असतो. घरच्या वडीलधाऱ्यांचा प्रश्नही तितकाच सरळ असतो : जुगाराच्या अड्ड्यावर नोकरी म्हणजे शेजारीपाजारी काय सांगायचे? दोन्ही प्रश्नांना उत्तर देण्यापूर्वी हे काम आहे तरी काय आणि ते शिकतात कसे, हे समजून घेणे इष्ट ठरेल.

पाढ्यांची परीक्षा

डीलरचे काम म्हणजे पत्ते पिसण्याची हातचलाखी, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः त्याचे अर्धे शिक्षण अंकगणिताचे असते. रूलेटच्या युरोपीय चक्रावर शून्य ते छत्तीस अशी ३७ घरे असतात. एकाच आकड्यावर लावलेल्या पैजेला पस्तीसपट, दोन आकड्यांच्या सीमेवरील पैजेला सतरापट, तिघांच्या ओळीला अकरापट, चार आकड्यांच्या कोपऱ्याला आठपट आणि सहांच्या गटाला पाचपट मिळते. एखाद्या खेळाडूच्या आलेल्या आकड्यावर तीन, त्याच्या दोन सीमांवर एकेक आणि एका कोपऱ्यावर एक अशा चकत्या असतील, तर १०५, ३४ आणि ८ मिळून १४७ चकत्या त्याला देणे लागते. ही बेरीज कागदपेन्सिलीवाचून, काही क्षणांत, सहा-सात खेळाडूंच्या गलक्यात करावयाची असते. आपल्या शाळांतील पाठांतर बहुधा तिसाच्या पाढ्याशी थांबते. या उमेदवाराला पस्तिसाचा पाढा झोपेतही म्हणता यावा लागतो.

ब्लॅकजॅकमध्ये एक्का आणि दहा मोलाचे पान पहिल्या दोन पानांतच आले, तर नेहमीच्या नियमानुसार दीडपट रक्कम मिळते. जुन्या मराठी शाळेत पावकी-निमकीबरोबर घोकून घेतली जाणारी दिडकी येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते. बॅकारा या खेळात दश्शी आणि चित्रांची पाने शून्य धरतात आणि बेरजेचा फक्त एकम स्थानचा अंक मोजतात. सात आणि आठ मिळून पंधरा नव्हे, तर पाच. तिसरे पान कोणाला आणि केव्हा द्यायचे याचे कोष्टक ठरलेले असते. ‘बँकर’च्या बाजूने जिंकणाऱ्याकडून पाच टक्के कापून घेण्याची प्रथा असल्यामुळे शंभराच्या पैजेला पंचाण्णवच द्यायचे असतात. हे कोष्टक तोंडपाठ नसेल तर टेबलावर उभे राहता येत नाही. गोव्यात याशिवाय अंदर-बाहर आणि तीन पत्ती हे घरगुती ओळखीचे खेळही चालतात. पण दिवाळीच्या रात्री घरात खेळलेली तीन पत्ती आणि अनोळखी माणसांच्या पैशांवर निर्विकार चेहऱ्याने चालविलेली तीन पत्ती यांत फार अंतर आहे.

उरलेले अर्धे शिक्षण हाताच्या शिस्तीचे. वीस चकत्यांची चळत एका हातात उचलणे, बोटाच्या अंदाजाने ती पाच-पाचमध्ये विभागणे, कॅमेऱ्याला स्पष्ट दिसेल अशी ती टेबलावर पसरून मग पुढे सरकविणे, चक्र एका दिशेला आणि चेंडू विरुद्ध दिशेला फिरविणे, या गोष्टी आठवडेच्या आठवडे घोटाव्या लागतात. डीलर खेळाडूच्या हातात पैसे देत नाही आणि त्याच्या हातातून घेतही नाही. देणेघेणे टेबलाच्या पृष्ठावरून होते. टेबल सोडताना दोन्ही तळवे उघडे करून, उलटसुलट फिरवून दाखवावे लागतात. गणवेशाला बहुधा खिसे नसतात. वर कॅमेरा, मागे पर्यवेक्षक, समोर हरत चाललेला गिऱ्हाईक, आणि या तिघांच्या नजरेखाली हात क्षणभरही डगमगता कामा नये. बँकेच्या रोखपालाला निदान काचेची खिडकी असते. डीलरला तीही नाही.

पहिल्या नोकरीची वाट

ही विद्या मिळविण्याच्या वाटा जगभर ढोबळमानाने दोन आहेत. पहिली म्हणजे कॅसिनोनेच उमेदवार निवडून त्याला शिकविणे. ब्रिटनमध्ये हीच पद्धत रूढ आहे. अंकगणित, बोटांची चपळाई आणि रंगांची ओळख यांची प्राथमिक चाचणी घेऊन निवडलेल्यांना काही आठवडे खेळ शिकवितात. दुसरी वाट अमेरिकेतील. तेथे फी घेणाऱ्या डीलर-शाळा आहेत. नेव्हाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केल्यापासून लास व्हेगासमध्ये या पेशाची एक उतरंडच तयार झाली. नवशिक्याने शाळेत दोन-तीन खेळ शिकावेत, जुन्या भागातील लहानशा कॅसिनोत हात बसवून घ्यावा आणि मग मोठ्या, झगमगत्या ठिकाणी जावे. तेथे मूळ पगार बहुधा किमान वेतनाच्या आसपास असतो. खरी मिळकत बक्षिशीची. आणि ती सर्व डीलरांत वाटली जात असल्यामुळे मोठ्या टेबलांच्या जागेसाठी झुंबड असते.

गोव्यात या दोन्ही पद्धतींचे मिश्रण दिसते. काही कॅसिनो स्वतः शिकवून घेतात, तर काही तरुण खासगी वर्गांत पैसे भरून येतात. मात्र वाट कोणतीही असो, शेवटी निर्णय करते ती प्रत्यक्ष टेबलावरची चाचणी. नाटकाच्या तालमीप्रमाणे उमेदवाराला टेबलामागे उभे करतात, अनुभवी मंडळी खेळाडू बनून समोर बसतात, मुद्दाम चुकीची मागणी करतात, पैज उशिरा लावतात, हुज्जत घालतात. उमेदवार किती जलद आहे यापेक्षा चूक झाल्यावर तो काय करतो, इकडे परीक्षकाचे लक्ष असते. चूक लपविणारा नापास होतो. हात थांबवून पर्यवेक्षकाला हाक मारणारा पुढे जातो. खासगी वर्गाचे प्रमाणपत्र या चाचणीपुढे केवळ कागद असतो.

यातून व्यवहाराचे काही धडे निघतात. फी भरण्याआधी वर्गात जाऊन पाहावे. खऱ्या मापाचे टेबल, खऱ्या वजनाच्या चकत्या आणि फिरते चक्र तेथे आहे काय? शिकविणाऱ्याने स्वतः किती वर्षे टेबल सांभाळले? फीमध्ये किती खेळ आणि हातावर किती तास मिळतात? ‘नोकरीची हमी’ हे शब्द जाहिरातीत असतील तर ते लेखी मागावेत, आणि लेखी मिळत नसतील तर ते खोटे समजावेत. एकाच खेळावर न थांबता निदान दोन शिकावेत. कारण टेबले बदलतात, गिऱ्हाइकांची आवड बदलते आणि एकच खेळ येणारा माणूस प्रथम फालतू ठरतो. नोकरी लागल्यावर नेमणूकपत्र, भविष्य निर्वाह निधी, बक्षिशीच्या वाटपाचे नियम आणि प्रशिक्षणाच्या बदल्यात काही बंधपत्र असल्यास त्याची प्रत, हे सर्व हाती असल्याखेरीज समाधान मानू नये.

परदेशाच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. मकाव हे जगातील सर्वांत मोठ्या जुगारकेंद्रांपैकी एक. पण तेथे डीलरची नोकरी स्थानिक रहिवाशांसाठीच राखून ठेवलेली आहे. हे ठाऊक नसलेल्या तरुणाला मकावच्या डीलरकीचे आमिष दाखविणे सोपे जाते. २०२२ साली थायलंडमधील नोकरीच्या नावाखाली भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन फसवणुकीच्या धंद्याला जुंपले जात असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने दिला होता. त्या नोकऱ्या संगणक क्षेत्रातील म्हणून सांगितल्या गेल्या होत्या. पण आमिषाचा साचा धंदा पाहून बदलत नाही. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला दलाल आहे की नाही, एवढी चौकशी तरी केल्यावाचून कोणी पारपत्र दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

वेगाचे मोल

आता वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळणे भाग आहे. डीलर स्वतः जुगार खेळत नाही, तो केवळ नोकरी करतो, हे उत्तर खरे आहे. पण पुरेसे नाही. रूलेटच्या ३७ घरांपैकी एका घरावर लावलेल्याला पस्तीसपट मिळते. पैज परत मिळते ती धरली तरी छत्तीसच. ३७ आणि ३६ यांतील हे एकाचे अंतर म्हणजेच कॅसिनोचा नफा. लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे घराच्या पदरात पडतात. अमेरिकी चक्रात आणखी एक शून्य असल्यामुळे हेच प्रमाण सव्वापाच टक्क्यांच्या वर जाते. समजा, एका टेबलावर प्रत्येक फेरीला वीस हजार रुपये लागत आहेत. मग दर फेरीमागे सुमारे ५४० रुपये कॅसिनोचे. तासाला तीस फेऱ्या झाल्या तर १६,२०० रुपये; चाळीस झाल्या तर २१,६००. चक्र तेच, गिऱ्हाईक तेच. वाढले ते केवळ डीलरच्या हाताच्या वेगामुळे. त्याला एवढ्या जिवापाड जलद का शिकवितात, याचे उत्तर या वजाबाकीत आहे.

म्हणून या कामाला नुसते निर्दोष म्हणून चालणार नाही, तसेच ते करणाऱ्याला पापी ठरविणेही न्याय्य नाही. हरणाऱ्याचे पैसे डीलरच्या घरी जात नाहीत. ते मालकाकडे जातात आणि त्यांतील मोठा वाटा सरकारकडे. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने विकत घेतलेल्या चकत्यांच्या पूर्ण किमतीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्क्यांवर नेण्यात आला. ज्या पैशाला तिजोरीत प्रतिष्ठा आहे, त्याच पैशाची मोजदाद करणाऱ्या मुलाला लग्नाच्या बैठकीत मान खाली घालावी लागावी, हा समाजाचा दुटप्पीपणा होय. गोवा सरकारने २०२० च्या फेब्रुवारीपासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास मनाई केली. नेपाळमध्येही नेपाळी नागरिकांना खेळण्यास बंदी आहे, जरी काठमांडूत १९६८ पासून कॅसिनो आहेत. याचा अर्थ असा की, येथील भूमिपुत्राने टेबलासमोर बसणे घातक, असे राज्यकर्तेच मानतात. मात्र टेबलामागे उभे राहण्यास त्यांची ना नाही. ज्या जागेपासून आपल्या माणसाला वाचवावेसे वाटते, तेथेच त्याला रात्रभर उभे करणाऱ्या सरकारवर त्याच्याविषयी काही जबाबदारी येते की नाही?

आणि ते उभे राहणे सुखाचे नसते. रात्रपाळी, मनगटांवर येणारा ताण, गिऱ्हाइकाची शिवीगाळ हसून सोसणे, हे तर आहेच. जेथे धूम्रपानाला मुभा आहे तेथे दुसऱ्याचा धूर डीलरच्या छातीत जातो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने लास व्हेगासमधील डीलरांची तपासणी करून २००९ साली अहवाल दिला. पाळी संपेपर्यंत त्यांच्या शरीरात तंबाखूतील कर्करोगकारक द्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले होते. नोकरीच्या स्थैर्याविषयी तर बोलायलाच नको. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे गोव्यातील कॅसिनो बंद झाले, नोव्हेंबरात उघडले आणि २०२१ मध्ये पुन्हा काही महिने बंद राहिले. मांडवीतील जहाजांचा मुक्काम वर्षानुवर्षे मुदतवाढीवर चालत आला आहे. ज्या धंद्याचा नांगर केव्हा उचलला जाईल हे सांगता येत नाही, त्यात शिकलेली विद्या तरी शिकणाऱ्याच्या मालकीची असायला हवी.

खलाशाजवळ आहे ते

खरा प्रश्न येथे येतो. कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्याला बोटीवरच्या नोकरीची परंपरा आहे. या किनाऱ्यावरचा खलाशी बोटीवर निघतो तेव्हा त्याच्याजवळ नौवहन महासंचालनालयाने दिलेली, सी.डी.सी. या नावाने ओळखली जाणारी पुस्तिका असते. तीत त्याच्या समुद्रावरील सेवेची नोंद होते. कंपनी बुडाली, बोट मोडीत निघाली, कप्तानाशी खटका उडाला, तरी ती पुस्तिका त्याची असते. ती दाखवून तो दुसऱ्या बोटीवर चढतो. प्रवासी जहाजांवरील कॅसिनोत काम करू पाहणाऱ्या भारतीय डीलरलाही अशी पुस्तिका काढावी लागते; पण ती त्याच्या खलाशीपणाची साक्ष असते, डीलरकीची नव्हे.

ब्रिटनने या प्रश्नाचे एक उत्तर काढले आहे. २००५ च्या जुगार कायद्यान्वये तेथील डीलरला जुगार आयोगाकडून स्वतःच्या नावाचा परवाना घ्यावा लागतो. तो कॅसिनोचा नसतो, व्यक्तीचा असतो. लबाडी केल्यास तो जातो. प्रामाणिकपणे काम केल्यास तो माणसाबरोबर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो. शिवाय गिऱ्हाईक जुगाराच्या आहारी चालले आहे हे ओळखून हस्तक्षेप करण्याचे शिक्षण नोकरांना देणे तेथील कॅसिनोवर बंधनकारक आहे. म्हणजे परवान्यात हात आणि विवेक या दोहोंची दखल घेतलेली आहे.

गोव्याचा १९७६ चा कायदा जुगार रोखण्यासाठी जन्मला आणि कॅसिनो त्यात दुरुस्तीच्या खिडकीतून आले. त्यामुळे शुल्क किती, प्रवेश कोणाला आणि जहाज कोठे, यांचा विचार झाला. टेबलामागच्या माणसाच्या शिक्षणाला त्या कायद्यात जागा मिळाली नाही. ती आता मिळाली पाहिजे. परवान्याच्या अटींत तीन गोष्टी घालणे मुळीच अवघड नाही. प्रत्येक डीलरला त्याच्या नावाची नोंदपुस्तिका मिळावी आणि कोणत्या खेळात तो किती काळ उभा राहिला याची नोंद मालकाने तीत करणे बंधनकारक असावे. फी घेऊन शिकविणाऱ्या वर्गांची नोंदणी व्हावी आणि अंतिम चाचणी मालक वा वर्गचालक यांच्या बाहेरच्या परीक्षकाने घ्यावी. आणि बुडत चाललेला खेळाडू ओळखणे व त्याच्यापुरता हात थांबविणे हा अभ्यासक्रमाचाच भाग असावा. तसे केल्याबद्दल डीलरची नोकरी जाणार नाही याची हमी असावी.

कॅसिनो असावेत की नसावेत, या वादाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. ज्यांना ते नकोत त्यांनीही या मागण्यांना विरोध करण्याचे कारण नाही. उलट, उद्या जहाजे खरोखरच हलली तर सर्वप्रथम निराधार होणाऱ्या तरुणांच्या हाती निदान एक पुस्तिका असेल. पस्तिसाचा पाढा, रोख रकमेची अचूक मोजदाद, गलक्यात शांत राहण्याची सवय आणि शंभर नजरांखाली टिकलेला प्रामाणिकपणा हे गुण केवळ कॅसिनोलाच लागतात असे नाही. बँकेला, विमानतळाला, मोठ्या हॉटेलाच्या हिशेब विभागालाही ते हवे असतात. पण मागणाऱ्याला ते दाखवायचे कशाने? आज डीलर पाळी संपताना रिकामे तळवे कॅमेऱ्यापुढे धरतो, ते कॅसिनोच्या हितासाठी. नोकरी संपवून बाहेर पडताना मात्र त्याचे हात तसेच रिकामे राहू नयेत, एवढे पाहणे हे त्याच टेबलावरून कर उचलणाऱ्या सरकारचे काम आहे.